लांबण

आमच्या ऑफिसात दोन लाइनींना नावं आहेत. मोठ्या कंपनीकडून येते ती थोरली आणि दुसऱ्या कंपनीकडून येते ती धाकटी. ही नावं मीच ठेवली, गंमत म्हणून. तेव्हा गंमत करायचं त्राण होतं. आता नावं तेवढी उरलीत.

आम्ही स्वतः इंटरनेट बनवत नाही, हे लोकांना काही केल्या पटत नाही. आम्ही मधले. दोन मोठ्या कंपन्यांकडून घाऊक घ्यायचं आणि आसपासच्या नऊ हजार घरांत वाटायचं, एवढाच आमचा धंदा. माझं काम म्हणजे या दोघींवर भार सारखा पडतोय ना, ते बघणं. एकीवर फार पडलं की ती तुंबते आणि नऊ हजार घरांत पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागतं. मग लोक आमच्या तक्रारवालीला फोन करून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. ती सगळं ऐकून घेते आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघते. तिच्या त्या बघण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

यातली एक खोच आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडून बाहेर जाणारं आपल्या हातात असतं. निम्मं थोरलीनं पाठवा, निम्मं धाकटीनं पाठवा, आपली मर्जी. बाहेरून येणारं मात्र आपल्या हातात नसतं. ते ज्या वाटेनं येईल त्या वाटेनं येतं, आणि जगाला जवळची वाट आवडते. आपण फक्त एक लबाडी करू शकतो. प्रत्येक वाटेवर आपल्या नंबराची पाटी असते. पाटी एकदा लावली की जगाला वाटतं, एकच टप्पा, जवळ आहे. तीच पाटी चारदा लावली की वाटतं, बाप रे, चार टप्पे! मग जग दुसऱ्या वाटेला वळतं. अंतर होतं तेवढंच असतं. आपणच आपलं नाव चार-चारदा घेऊन लांब असल्याचा देखावा करायचा. पुस्तकात याला मोठं नाव आहे. आम्ही त्याला 'लांबण लावणं' म्हणतो.

त्या दिवशी सकाळी सव्वादहालाच थोरली शहाण्णव टक्क्यांवर गेली होती. धाकटी बावीसवर निवांत. हे नवीन नव्हतं. दोन वर्षं असंच चाललं होतं. मध्यंतरी मालकांनी धाकटीची ताकद दुप्पट करून घेतली, तरी थोरलीवरचा भार कमी होईना. आम्ही थोरलीच्या कंपनीला पत्रं लिहिली, भांडलो, त्यांनी आमच्यावर ढकललं. शेवटी सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की धाकटीचा स्वभावच तसा, तिच्याकडून काम होत नाही. नावडतीचं मीठ अळणी, तसं ऑफिसात धाकटीचं काहीच कुणाला धड वाटेना.

मी थोरलीचं काय करावं याचा विचार करत होते आणि ताईचा फोन आला. मी तो वाजू दिला. सहा-सात वेळा वाजल्यावर उचलला.

"कामात आहेस का?" ताई म्हणाली. हे तिचं नेहमीचं पहिलं वाक्य. हॅलो म्हणणं तिनं कधीच सोडून दिलंय.

"थोरली तुंबलीय. बोल."

"हॉस्पिटलातून फोन आला होता. एकवीस तारीख देतायत. आज पाचपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. नाही म्हटलं तर पुढची तारीख सहा महिन्यांनी."

ताईच्या खुब्याचा सांधा झिजलाय. ऑपरेशनचं भिजत घोंगडं वर्षभर पडून होतं. दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा तिनं सोडली, कारण ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला कुणाला हात देऊन उठवता येणार नव्हतं, आणि बाबांना रोज हात देऊन उठवावं लागतं. बाबा तिच्याकडे असतात. मागच्या वेळी डॉक्टरांनी तिला सरळच सांगितलं होतं, की असंच आणखी सहा महिने रेटलंत तर नंतर ऑपरेशन करूनही पूर्वीसारखं चालता येईल याची मी खात्री देत नाही. हे तिनं मला सांगितलं, तेव्हा मी "अगं बाई" म्हटलं होतं. त्यापुढे काय म्हटलं ते आठवत नाही, म्हणजे काही म्हटलंच नसणार.

"बघते गं," मी म्हटलं. "आज इथे जरा गोंधळ आहे. संध्याकाळी बोलू या का?"

"संध्याकाळी म्हणजे पाच वाजून गेलेले असतात."

"नाही, त्याआधी करते मी फोन."

मागून बाबांचा आवाज येत होता. कुणाला तरी हाका मारत होते.

"तू नाही म्हणालीस तरी चालेल," ताई म्हणाली. "खरंच चालेल. फक्त काय ते सांग. वाट बघून बघून माझा पायापेक्षा जीव जास्त दुखतो."

यावर मी रागावले. आपली चूक असली की माणूस रागावतो, मी तर हमखास. "म्हणजे मी काहीच करत नाही का?" असं म्हटलं आणि ती "असं कुठं म्हटलं मी" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी करत नव्हते असं नाही. मी पाठवायचे. बाबांची महिन्याची औषधं मी पाठवायचे. हातांची उंच खुर्ची मी पाठवली, न्हाणीघरातली लोखंडी दांडी मी पाठवली, रात्री अंथरुणाखाली घालायचे रबरी कागद मी पाठवायचे, न चुकता, महिना संपायच्या आत. बाहेर जाणाऱ्याचा हिशेब केला असता तर आम्ही दोघी बहिणी अगदी निम्म्या-निम्म्या निघालो असतो. येणारं मात्र सगळं तिच्याकडे जात होतं. दिवसातल्या वीस हाका, एकच प्रश्न बारा वेळा, पहाटे चारला दार उघडून बाहेर उभं राहणं, सगळं.

आणि मी राहते तिच्या घरापासून तीन बस-स्टॉप अंतरावर, ऑफिसाच्या मागच्याच गल्लीत. एकटी. हे एकटेपण मला कारण म्हणून फार उपयोगी पडलंय. 'एकटी आहे, जमणार कसं?' असं म्हणता येतं.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही. आई गेली त्या आठवड्यात आम्ही सगळे ताईकडेच होतो. बाबांचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं होतं. सहाव्या दिवशी दुपारी ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझी आई कुठंय गं?" मी खरं ते सांगितलं. ते रडले. अगदी पहिल्यांदा कळल्यासारखे रडले, कारण त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठून आतल्या खोलीत गेले. बाहेर ताईचा आवाज ऐकू आला, "बाहेर गेलीय, बाबा. येईल एवढ्यात." आणि ते गप्प झाले. इतकं सोपं होतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. आजही, आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलंय, निघत नाही.

दुपारी दोनला आमचा खांबवाला आला. हा खांबावर चढून तारा जोडणारा माणूस, साठीला टेकलाय, गुडघे गेलेत, तरी शिडी कुणाला धरू देत नाही. मालकांनी त्याला सकाळी धाकटीची पेटी तपासायला धाडलं होतं. धाकटीत काही खोट सापडली तर तिच्या कंपनीच्या नावानं बोंब मारायला मालक टपलेले.

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग म्हणाला, "धाकटी ठणठणीत आहे, मॅडम. तिला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग काम का करत नाही ती?"

"ते तिला नका विचारू. तिला कुणी बोलावतंय का, ते बघा." तो पायरीवर टेकल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला आणि गुडघा चोळू लागला. "काखेत कळसा नि गावाला वळसा, असं नको व्हायला. बाहेरच्या पेट्या माझ्या तीनदा बघून झाल्या. आता आतलं तुम्ही बघा."

मला राग आला. आत म्हणजे माझं राज्य. तिथे बोट घालायचा याला काय अधिकार? पण राग आल्यामुळेच मी बघायला बसले, याला दाखवून द्यायला.

धाकटीच्या लाइनीची मांडणी, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेल्या तिच्या सूचना, उघडली. एकूण दीडशे ओळी असतील. त्या मी वर्षानुवर्षं बघत आलेय, आणि नेहमी बघत असलेलं आपण वाचत नाही. त्या दिवशी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एक्क्याण्णवाव्या ओळीवर आमचा नंबर एकापुढे एक चार वेळा लिहिलेला होता.

लांबण. धाकटीवर लांबण लावलेली होती. दोन वर्षं आम्ही जगाला ओरडून सांगत होतो की या वाटेनं येऊ नका, फार लांब पडेल. आणि वर विचारत होतो की हिच्याकडे कुणी येत का नाही. धाकटीच्या कंपनीच्या पोटातच, तिच्याच जाळ्यात राहणारे जे होते तेवढे येत होते, त्यांना दुसरी वाट नव्हती. तेच ते बावीस टक्के.

त्या ओळीच्या वर एक टीप होती. अशी टीप आम्ही आपल्यासाठी लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कळावं. "तात्पुरते. धाकटीची दुरुस्ती होईपर्यंत." खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख.

तारीख मी दोनदा वाचली. आई गेल्यानंतरचा सहावा दिवस.

मला असल्या योगायोगांचा तिटकारा आहे. कुणी सांगितला असता तर मी म्हटलं असतं, चल, थापा मारू नकोस. पण आद्याक्षरं माझी होती, आणि मग सगळं आठवलं. मी बाबांपासून उठून ताईच्या आतल्या खोलीत गेले होते, तेव्हाच ऑफिसातून फोन आला होता. धाकटी कुठेतरी खणताना तुटलीय, अधूनमधून जाते-येते, काहीतरी करा. मला तर बरंच झालं. मी तिथल्या कॉटवर लॅपटॉप उघडला आणि लांबण लावून टाकली, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत सगळं थोरलीकडून येईल. पाच मिनिटांचं काम. मग बाहेर येऊन त्याच दमात ताईला म्हटलं, "बाबांना तात्पुरतं तुझ्याकडेच राहू दे. मी जरा मोकळी झाले की नेते."

धाकटी चार दिवसांत दुरुस्त झाली. मी रजेवरून आले तेव्हा थोरली सगळं ओढत होती आणि काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. न बिघडलेल्याला कोण हात लावतो? जी ओढते तिच्याकडे आपण बघतच नाही, ती तुंबेपर्यंत.

मालक मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ती टीप वाचली असावी. मोठा माणूस, ओरडायला हवा होता, पण त्यांच्याही अंगात त्राण नव्हतं. "काढा," एवढंच म्हणाले.

मी ती ओळ काढली. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. पाटी बदलली तरी जगाला ती दिसायला वेळ लागतो. मग धाकटी तीसवर गेली. चाळीस. पडद्यावर तिची रेघ चढत होती आणि थोरलीची उतरत होती. अर्ध्या तासात दोघी साठीच्या आसपास येऊन थांबल्या. धाकटी पडली नाही, कुरकुरली नाही, काही नाही. काचेपलीकडे तक्रारवालीनं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटले.

"बघा," खांबवाला म्हणाला. "सांगितलं तर करते की."

मला रडू आलं. खांबवाल्यासमोर रडायचं म्हणजे उद्या सगळ्या खांबांना कळणार, म्हणून तोंड धुवायला गेले. परत येऊन पर्स उचलली. साडेतीन झाले होते. ताईला फोन लावला तर तो लागेना. बाबा कधी कधी फोन उचलून बाजूला ठेवतात, तसं काहीतरी असणार. मालकांना म्हटलं, "मी जाते. आणि एकवीस तारखेपासून सहा आठवडे मी बहिणीच्या घरून काम करणार. ऑफिसात येणार नाही."

"विचारताय की सांगताय?"

"सांगतेय."

"मग जा," ते म्हणाले.

तीन स्टॉप. बसमध्ये बसायलाही मिळालं. बारा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघितली. शेवटची इथे कधी आले होते ते आठवून बघितलं. सहा महिन्यांपूर्वी, दारातच सामानाचा खोका देऊन, खाली गाडी थांबलीय म्हणून. गाडी थांबलेली नव्हती.

बेल वाजवली. आत बराच वेळ हालचाल झाली आणि दार उघडलं ते बाबांनी. ते वाळले होते. शर्टाची बटणं मात्र नीट, वरपर्यंत लावलेली. ती ताईनं लावली असणार.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

माझे पाय उंबऱ्याशीच थांबले. "ताई आहे का?"

"थोरली ना? आहे, आत आहे. तिला उठायला वेळ लागतो. पाय दुखतो तिचा." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आल्यागेल्याकडे बघतात तसं, आदबीनं. "तिच्यावर फार पडतं हो. मला धाकटीही आहे एक. पण ती फार लांब असते."

"कुठे असते?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"ते नाही सांगता यायचं. पण लांब. फोन केला की नुसता वाजतो, वाजत राहतो, वाजतच राहतो. इतका वेळ वाजतो म्हणजे लांबच असणार ना?"

हा माणूस बायको गेल्याचं विसरला, स्वतःचं घर विसरला, माझा चेहरा विसरला, पण एवढा हिशेब त्यानं बरोबर केला होता. जगही असाच हिशेब करतं.

आतून ताई आली. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर. मला बघून ती भिंतीलाच टेकली. "तू? आत्ता? काय गं, थोरली पडली का तुमची?"

"नाही पडली. फोन लाव हॉस्पिटलला."

"काय सांगू?"

"हो म्हणून सांग. एकवीस तारखेला. सहा आठवडे मी इथे राहते. त्यानंतर बाबांना माझ्याकडे नेते. तिथे दांडी बसवून घेईन न्हाणीघरात."

ताईचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता, आणि बसावा असं मी काही केलेलंही नव्हतं. "तात्पुरतं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे मागाहून वाट बघायला नको.

"नाही," मी म्हटलं. "ते तात्पुरतं आज काढून टाकलं."

ताई फोनकडे वळली. रिसीव्हर खरंच बाजूला काढून ठेवलेला होता. तिनं तो जागेवर ठेवला, पुन्हा उचलला, आणि नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकीचा लागला. दुसऱ्यांदा लागला. "हो," ती म्हणत होती, "हो, पक्की करा. हो, आहे घरी माणूस. बहीण आहे."

बाबा अजून दार धरून उभे होते. ते माझ्या मागे, जिन्याकडे बघत होते. "तुम्ही आलात त्या वाटेवर आमची ही दिसली का हो?" त्यांनी विचारलं. "केव्हाची गेलीय."

ताईचं बोलणं थांबलं. तिनं फोनवर हात ठेवला होता आणि ती माझ्याऐवजी उत्तर द्यायला तोंड उघडतच होती.

"बाहेर गेलीय, बाबा," मी म्हटलं. "येईल एवढ्यात."

"येईल ना?"

"येईल."

त्यांचं समाधान झालं. ते दारातून बाजूला झाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, मीच पाठवलेली ती उंच खुर्ची. "या, बसा," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आलात, आता लगेच निघू नका."

मी अजून चपला घालूनच उभी होते. त्या काढल्या आणि ताईच्या चपलांशेजारी ठेवल्या.